विश्लेषण : अपघाताची भरपाई ‘जागेवर मिटवून’ का बुडते?

पुणे-बेंगळूरु महामार्ग असो की साखर कारखान्याकडे जाणारा गावरस्ता, अपघात झाला की सातारा-सांगलीत पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘केस कशाला करता, जागेवर मिटवून टाका.’ गाडीवाला दवाखान्याचे पहिले बिल भरतो आणि निघून जातो. पुढे पायात रॉड पडतो, सहा महिने काम बंद होते, तेव्हा जखमीच्या हातात ना एफआयआर असतो, ना पंचनामा. भरपाई ही गाडीवाल्याची मेहेरबानी नव्हे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण हा हक्क पहिल्या काही दिवसांतल्या कागदांवर उभा असतो आणि नेमके तेच कागद मिटवामिटवीत तयार होत नाहीत.

भरपाई कोण देतो?

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. चूक चालकाची असली तरी जबाबदारी मालकावरही येते आणि विमा चालू असेल तर पैसे कंपनी भरते. त्यामुळे ‘गाडीवाला गरीब आहे, त्याला कशाला अडचणीत आणायचे’ ही भलमनसाई बहुतेक वेळा विमा कंपनीच्या फायद्याची ठरते. चालकाकडे परवाना नव्हता, या कारणावरून कंपनीला सहजी हात झटकता येत नाहीत. आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा, असे आदेश न्यायालये देतात. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वर्ण सिंग निकाल त्याचा आधार आहे. विमाच नसेल तर मात्र सगळा भार मालकावर पडतो.

फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, कारण दाव्यात तितका कडक पुरावा लागत नाही.

दावा कुठे आणि किती दिवसांत?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. अपघात खंबाटकी घाटात झाला आणि घर जत तालुक्यात असेल, तर साताऱ्याला खेटे घालायची गरज नाही. राहत्या ठिकाणच्या, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

१ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झालेला बरा.

रक्कम कशी ठरते?

समजा, महिन्याला १५ हजार रुपये कमावणारा ३५ वर्षांचा दूध व्यावसायिक अपघातात गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे : २ लाख ५२ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा : १ लाख ८९ हजार. ३५ व्या वर्षासाठीचा गुणक १६. रक्कम होते ३० लाख २४ हजार, शिवाय अंत्यविधीचा खर्च वगैरे वेगळे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी हे गणित ठरवून दिले आहे. जागेवर मिळालेल्या काही हजारांशी याची तुलना करून पाहावी.

जखमीच्या बाबतीत डॉक्टरांनी लिहिलेले अपंगत्वाचे टक्के हा शेवटचा शब्द नसतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालानुसार, त्या दुखापतीने माणसाची कमाई किती घटली हे पाहायचे असते. पाय गेलेला कारकून टेबलावर काम करू शकेल, पण ट्रकचालकाची रोजीरोटीच जाते. गृहिणीच्या घरकामालाही मोल धरून भरपाई मिळते.

ट्रिपल सीट किंवा हेल्मेट नसेल तर?

दंड होईल, पण दावा संपत नाही. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. डोक्याला मार असेल तर हेल्मेटचा मुद्दा विमा कंपनी काढणार, हे मात्र गृहीत धरावे.

गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ऊसट्रॉलीवर रात्री मागून दुचाकी आदळते, तेव्हाही ‘मागून धडकला, त्याचीच चूक’ म्हणून विषय सोडून देऊ नये. ट्रॉली अंधारात बिनदिव्याची होती हे पंचनाम्यात आले, तर दोष दोघांत वाटला जाऊ शकतो.

गाडी पळून गेली तर?

वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी वकील नको, कोर्ट नको. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. एफआयआरची प्रत मात्र हवीच.

मालवाहू वाहनातल्या मजुरांचे काय?

कायद्याची सर्वात मोठी फट इथे आहे. एप्रिल २०१८ मध्ये खंबाटकी बोगद्यापुढच्या एस वळणावर मजुरांना नेणारे मालवाहू वाहन उलटून १८ जणांचा जीव गेला. मालवाहू वाहनातून फुकट जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी निकाल आहे. भरपाई मंजूर झाली तरी ती मालकाकडून वसूल करावी लागते आणि मालकाकडे ट्रॅक्टरखेरीज काही नसेल तर हुकूमनामा कागदावरच राहतो. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात, पण त्याची खात्री नसते. दर हंगामात बायका-मुलांसह ट्रॉलीत बसून येणारी ऊसतोड कुटुंबे हीच जोखीम घेऊन प्रवास करतात. ज्यांच्या उसासाठी ती येतात, त्या कारखान्यांनी त्यांच्या प्रवासाची सोय बसने करावी, निदान त्यांचा विमा उतरवावा, ही अपेक्षा मोठी नाही.

बदल कुठे हवा?

नवा कायदा नको, आहे तो पाळला तरी पुरे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे, १० दिवसांत जखमी किंवा वारसांना त्यांचे हक्क सांगणारा फॉर्म द्यायचा आहे आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल पाठवायचा आहे. हा फॉर्म प्रत्येक घरी वेळेत पोहोचला, तर मिटवामिटवीच्या सल्ल्याला उत्तर घरातच तयार असेल. सातारा आणि सांगली जिल्हा पोलिसांनी या एका गोष्टीचा हिशेब दर महिन्याला जाहीर करावा.

तोवर कुटुंबाने करायचे ते एवढेच : एफआयआर, पंचनामा, गाडीचा नंबर आणि विम्याचा तपशील, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती आणि कमाईचा पुरावा जपून ठेवणे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तडजोडच करायची तर लोकअदालतीत करावी. तिथे ठरलेल्या रकमेला न्यायालयाच्या हुकुमाचे बळ असते, जागेवरच्या शब्दाला नसते.