जहाजावरची दुखापत आणि घरातले कागद

सीबीडी बेलापूरच्या उंच इमारतींत जहाजांवर माणसे पाठवणाऱ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरीकडची आपली मुले तिथे फाईल काखेत मारून उभी असतात. करारावर सही झाली की घरी पेढे वाटले जातात. पण तो करार वाचतो कोण?

समुद्रात हात मोडला, पाठीला मार बसला तर उपचार आणि घरी पोहोचवण्याचा खर्च जहाजमालकाने करायचा, असे २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार सांगतो. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. मालकाला यातून अंग काढायला तीन वाटा आहेत : दुखापत जहाजाच्या कामाबाहेर झाली, खलाशाने जाणूनबुजून गैरवर्तन केले, किंवा नोकरी धरताना आजार लपवला. ही तिसरी वाट आपणच उघडून देतो. “शुगर लिहू नका, नोकरी जाईल,” असे कुणी एजंट सांगतो आणि अब्बासुद्धा मान डोलावतात. फॉर्मवर सही मात्र मुलाची असते, एजंटची नव्हे.

दुखापत लहान वाटली तरी त्याच दिवशी कॅप्टनला सांगून नोंद करून घ्यावी, अहवालाची प्रत किंवा फोटो घरी पाठवावा. “घरी गेल्यावर दाखवू” म्हटले, की कंपनी म्हणते, मार घरीच लागला.

भारतीय जहाज असेल तर २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदाही होता. नशेत होता, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, हे बचाव त्यातही होते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ते चालत नसत. परदेशी झेंड्याच्या जहाजावर मुख्य आधार कराराचाच, म्हणून त्याची प्रत घरी हवी.

आता भगिनींसाठी. अल्लाह न करो, पण त्या कायद्याखाली खलाशाच्या मृत्यूचा दावा बातमी कळल्यापासून एका वर्षात करावा लागत असे. इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्याच वर्षात मोजले जात. विधवेने घराबाहेर पडायची वाट न बघता भावाने किंवा दिराने कागद जमवायला लागावे. मृत्यूची भरपाई त्या कायद्यानुसार मालकाने आयुक्तांकडे जमा करायची असे. कुणी घरी येऊन रोख रक्कम पुढे करून “आता काही मागणे नाही” अशा कागदावर सही मागितली, तर आधी तो कागद वकिलाला दाखवा.