मुद्दे काढून आणा

आठवीतली भाची परवा वर्तमानपत्रातला कांद्यावरचा एक जुना लेख घेऊन बसली होती. शाळेतून सांगितलं होतं, मुद्दे काढून आणा. अर्ध्या तासाने डोकावलो तर कात्रण पिवळंधमक. लासलगाव पिवळं, ८ डिसेंबर २०२३ची निर्यातबंदी पिवळी, क्विंटलचे भाव पिवळे. 'शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी' हे तर दोनदा आलेलं, दोन्हीकडे पिवळं.

"मामा, सगळंच महत्त्वाचं आहे."

पोरीचा दोष नाही. मुद्द्यांवरून गोष्ट लिहायला आपण मुलांना शिकवतो. म्हातारा शेतकरी, चार भांडखोर मुलगे, काठ्यांची मोळी, एवढ्यावर पोरं पानभर मजकूर पाडतात. पानभर मजकुरातून ते चार मुद्दे परत बाहेर कसे काढायचे, हे मात्र कोणी बसून शिकवत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत सारांशलेखन आहे, उताऱ्याच्या एक तृतीयांश. पण त्याला पत्रलेखनाचा पर्याय आहे आणि पत्राचा मायना पाठ करता येतो. मग सारांशाच्या वाटेला कशाला जायचं!

आकलनाच्या प्रश्नांत चौकटी, ओघतक्ते, आकृतिबंध असतात, नाही असं नाही. मीही त्यांचं कौतुक केलं आहे. पण तिथे चौकट छापून येते. उताऱ्याला फांद्या तीनच आहेत, हे प्रश्न काढणाऱ्याने ठरवून टाकलेलं. मुलाने मजकूर चाळून तीन शब्द टिपायचे. फांद्या किती आणि कोणती कुठून फुटली, हे शोधण्यातच सगळी मेहनत असते. नेमकी तीच आपण मुलाच्या हातून काढून घेतो.

नाशिकच्या मुलाला हे समजवायला द्राक्षाचा घड पुरतो. देठ धरून उचलला तर घड हातात येतो. मणी वेचत बसलं तर टोपली भरते, एवढंच. भाचीच्या हातातला हायलायटर काढून घेतला, पेन्सिल दिली. दर परिच्छेदाशेजारी समासात एक ओळ लिही म्हटलं. स्वतःच्या शब्दांत आणि पूर्ण वाक्य. तिने पहिल्यांदा लिहिलं, 'साठवण'. साठवणीचं काय? पुन्हा वाचलं, मग उतरलं : 'लाल कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून असेल त्या भावाला विकावा लागतो.' नुसता शब्द टिपला की समजल्यासारखं वाटतं. वाक्याला क्रियापद लागतं, आणि न कळलेलं असेल तर ते तिथेच अडतं.

मग कोणती ओळ कोणाच्या पोटात जाते ते बघायचं. उन्हाळ कांदा काही महिने टिकतो, लाल टिकत नाही. हे तिने आधी दोन वेगळे मुद्दे धरले होते, ते एकाखाली आले. निर्यातबंदीवर मात्र वाद झाला. ती 'उपाय' या सदरात टाकलेली, कारण सरकारने ती भाव आवाक्यात ठेवायला घातली होती. मग खोडून 'भाव का पडले' याच्या खाली. मग म्हणाली, खाणाऱ्यासाठी उपाय, पिकवणाऱ्यासाठी कारण. त्या खोडरबराने जेवढं वाचन करवलं तेवढं अख्ख्या हायलायटरने केलं नव्हतं.

धाकट्यांना याच्याआधी घरातलंच पुस्तक पुरतं. 'श्यामची आई' साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये इथल्याच, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. प्रत्येक रात्रीला स्वतंत्र शीर्षक आहे. ते झाकून रात्र वाचून दाखवा आणि नाव मुलाला ठेवू द्या. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला लुगडं पसरायला लावणाऱ्या श्यामची गोष्ट ऐकून कुणी 'अंघोळ' म्हणतं, कुणी 'हट्टी श्याम'. गुरुजींनी नाव दिलं आहे 'थोर अश्रू'. तिथवर पोचायला शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, आणि मुलं तो वाचतातही.

त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात गुरुजी विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवारी अठरा अध्याय. तीच पुढे 'गीता प्रवचने' झाली. या प्रवचनांचं सार विनोबांनी नंतर १०८ साम्यसूत्रांत बांधलं. आपल्याच बोलण्याचे देठ त्यांना मागाहून असे बसून काढावेसे वाटले, तर आठवीतल्या मुलीला अर्ध्या तासात पिवळ्या रंगाने ते सापडावेत ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

भाचीचा कागद शेवटी हातात आला. चार ओळी, त्यांच्या पोटात सहा. कात्रणातला अखेरचा परिच्छेद मात्र कागदावर कुठेच नव्हता.

"हा राहिला वाटतं?"

"राहिला नाही, मामा. तो कशालाच लटकत नाही. नुसतंच पुन्हा डोळ्यांत पाणी आहे."

लेख माझाच होता. तिला ते ठाऊक नव्हतं. कात्रणातून नाव कापलं गेलं होतं. मी पुन्हा वाचून पाहिला. खरंच लटकत नव्हता.