आधी काम दिसू द्या

१९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून मुंबईला परतले, तेव्हा चित्रपट काढायची विद्या त्यांच्या हाती आली होती. पण विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या आणि पुढच्या खर्चाला पैसा नव्हता. सावकारासमोर बसून 'मी हलती चित्रं काढतो' एवढं सांगून भागणार नव्हतं. असल्या धंद्यात पैसा घालायची कुणालाच सवय नव्हती. मग फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची चित्रं टिपली. ती पडद्यावर सलग फिरली तेव्हा मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला, त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' नावाची ही चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने तारणासाठी काढून दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला.

धंद्यासाठी व्हिडिओ कसा काढावा, असं आज कुणी विचारलं तर मी याच मिनिटभराच्या चित्रफितीकडे बोट दाखवतो. तिच्यात फाळक्यांनी स्वतःची स्तुती केलेली नाही. आपल्याला येणारं काम त्यांनी समोरच्याच्या डोळ्यांपुढे करून दाखवलं, तेही वाटाण्यासारख्या घरातल्या वस्तूवर. बघणाऱ्याने आपला निर्णय आपण घेतला.

आज तालुक्याच्या गावातली पापड-लोणच्याची ताई, सायकल दुरुस्त करणारा, पैठणीचा विणकर, रोपवाटिकेवाला, सगळ्यांच्या हातात फाळक्यांपेक्षा चांगला कॅमेरा आहे. तरीही त्यांच्या व्हिडिओंतले बरेचसे पाहताना माझा जीव तुटतो. वर फिल्मी गाणं, मध्ये उड्या मारणारी अक्षरं, शेवटी 'आजच भेट द्या'. माल कुठे आहे, तो कुणाच्या हातून तयार होतो, त्यात मेहनत कुठली, यातलं काहीच दिसत नाही. आपल्याकडे लहान धंदा पूर्वी ज्या जोरावर चालला, तीच गोष्ट या व्हिडिओंतून गळून पडली आहे.

ती गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाच्या देखत काम करणं. कल्हईवाला आठवा. गल्लीच्या तोंडाशी तो भाता मांडायचा आणि घराघरांतून पातेली बाहेर यायची. भांडं चांगलं तापलं की नवसागराची चिमूट पडायची, पांढरा धूर भस्सकन उठायचा, कथलाची कांडी टेकवून तो कापसाचा बोळा फिरवायचा आणि काळवंडलेल्या पातेल्यात चांदी पसरत जायची. आम्ही मुलं खेळ टाकून तिथे उकिडवी बसायचो. आई-काकू दारातून पाहायच्या आणि आणखी एक भांडं घेऊन यायच्या. त्याने कधी पाटी लावली नाही. कुंभाराचं चाक, उसाचा चरक, लोहाराची ऐरण, जिलबीची कढई या सगळ्यांची जागा रस्त्याच्या बाजूलाच असायची, आड नाही. येणाराजाणारा थांबून पाहायचा. गिऱ्हाईक त्याच्यातूनच व्हायचं.

नवी वस्तू बाजारात आणायची तर हे आणखीच लागायचं. १९०३ च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्याची पक्की समजूत होती आणि ते पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. असला समज छापील कागद वाचून जात नाही. शेजाऱ्याच्या वावरात फाळ मातीत खोल शिरताना पाहावा लागतो, पुढचं पीक पाहावं लागतं. पुढे किर्लोस्करवाडी वसली, १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. मालाची ओळख करून देणारं हे पत्रक वाढत वाढत मराठीतलं मोठं मासिक झालं. पण कारखाना मोठा झाल्यावरची ही गोष्ट आहे. गावच्या लोहाराला मासिक काढणं कसं परवडणार?

इथून पुढच्या पन्नास-साठ वर्षांत लहान धंद्याच्या हातून 'दाखवणं' सुटत गेलं. त्याच्या वाट्याला आली ती सिनेमाच्या मध्यंतरातली काचेची स्लाइड. बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानाचं नाव, खाली पत्ता, कोपऱ्यात एक कमळ. लोक तोवर भजी आणायला बाहेर पडलेले असत. जत्रेतल्या तंबूत कर्णा वाजायचा, रिक्षावर भोंगा फिरायचा. नाव कानावर पडायचं, काम दिसायचं नाही. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर. चित्र घरात आलं, पण त्याचे सेकंद विकत घ्यावे लागत. परळमध्ये १९५२ साली केशव विष्णु पेंढारकरांनी सुरू केलेली विको घरोघर फिरून दंतमंजन विकण्यापासून निघाली आणि चित्रपटगृहांच्या पडद्यावर, पुढे दूरदर्शनवर पोचली. ही मराठी उद्योगाची अभिमानाची गोष्ट आहे आणि तिच्याइतकं पोचलेले फार थोडे. बाकीच्यांसाठी नव्वदच्या दशकात लोकल केबलच्या पडद्याखालून सरकणारी पट्टी होती. 'आमच्याकडे फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातील.' चकली कशी आहे ते कळायला तुम्हाला त्या घरीच जावं लागे.

या पार्श्वभूमीवर गेल्या वीस वर्षांकडे पाहिलं की त्यांचं मोल कळतं. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, १९ सेकंदांचा, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत युटामधल्या ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या मिक्सरमध्ये गोट्या, दांताळ्याचा दांडा अशा भलत्या वस्तू घालून त्यांचा भुगा करून दाखवायला सुरुवात केली. मालक टॉम डिक्सन स्वतः पांढरा कोट घालून उभे राहत. पहिल्या व्हिडिओंना खर्च आला तो सामान आणायला लागला तेवढाच. मिक्सरची ताकद दाखवायची ही रीत त्यांच्या कारखान्यात तपासणीसाठी आधीपासूनच चालू होती. कंपनीतल्या एकाने ती पाहिली आणि कॅमेरा आणला. आमच्या कल्हईवाल्याचीच ही रीत.

आपल्याकडे खरा फरक पडला तो ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झालं त्या दिवसापासून. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये मोजणारा माणूस पापडाचा व्हिडिओ कशाला पाहील? डेटा स्वस्त झाला आणि वावरात, एसटीत, ओट्यापाशी लोक चलचित्र पाहू लागले. बनवणारा आणि बघणारा दोघंही एकाच वेळी तयार झाले. आपल्या लहान उद्योगाच्या इतिहासात असं पूर्वी घडलेलं नव्हतं.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी हे जवळून पाहिलं. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली ही तांबटांची वस्ती. गल्लीत शिरायच्या आधी ठोके ऐकू येतात. एका कारखान्यात पुतण्याने उपड्या हंड्याला टेकवून फोन उभा केला होता. काका मांडी घालून बसले होते, समोर लोखंडी खुंटावर घागरीचा बुडखा. "अरे, पण बोलायचं काय?" काकांनी विचारलं. "काही नका बोलू, काका. ठोके ऐकू येऊ देत," पुतण्या म्हणाला. काकांनी हातोडी उचलली. मध्यापासून ठोके गोल गोल बाहेर येत गेले, एकाला लागून दुसरा. अंतर मोजायला पट्टी नाही, खूण नाही. दर ठोक्याला डावा हात भांडं केसभर फिरवत होता. यालाच मठारकाम म्हणतात. चाळीसेक सेकंदांनी पुतण्याने फोन बंद केला, गाणं लावलं नाही, आणि खाली आळीचं नाव, पेठ, शहर, भांड्याचं नाव आणि दुकानाची वेळ लिहिली.

दोन दिवसांनी खाली प्रश्न आला, हे ठोके शोभेसाठी असतात का? काकांनी पुढच्या व्हिडिओत उत्तर दिलं. ठोक्यांनी तांबं आवळून येतं, भांड्याला ताकद येते. शोभा मागून येते. तांब्याच्या बाटल्यांवर यंत्राने उठवलेले ठोके असतात आणि दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या दोन बाटल्यांतला फरक शंभरातल्या नव्वदांना कळत नाही. फोटोतही कळत नाही. घडताना पाहिलं तरच कळतो, आणि मग जास्त पैसे का मोजायचे हेही कळतं. स्टीलने तांबटांच्या पोटावर पाय आणल्याला कितीतरी वर्षं झाली. त्यांना आपलं काम थेट गिऱ्हाइकाला दाखवायची सोय आत्ता मिळाली आहे. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एवढाच आहे.

उलटंही पाहिलं आहे. माझ्या एका मावसबहिणीचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. जाहिरातीचं काम करणाऱ्या काही मंडळींनी तिच्याकडून चांगली रक्कम घेतली आणि ड्रोनने काढलेला चकचकीत व्हिडिओ दिला. आकाशातून गाव दिसलं, मिरच्यांचा ढीग दिसला, ताई दिसली नाही. लाइक आले, ऑर्डर आल्या नाहीत. पुढे तिने स्वतः खलबत्त्याशी बसून, धणे कधी उतरवायचे आणि खोबरं किती भाजायचं ते बोलत एक व्हिडिओ काढला. उजेड खिडकीतून बाजूने पडलेला, मागे कुकरची शिट्टी. लोक मसाल्याचा भाव विचारू लागले ते त्यानंतर.

मोठा जमाव आला की धंदा वाढला, हा समज सगळ्यांत महागात पडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीय नगरमधल्या 'बाबा का ढाबा'चा व्हिडिओ देशभर पसरला. टाळेबंदीत गिऱ्हाईक नसल्याने रडणारे म्हातारे पाहून लोक रांगा लावून आले. डिसेंबरात नवं रेस्टॉरंट उघडलं आणि फेब्रुवारीत बंद करावं लागलं. ते म्हातारे आणि त्यांची पत्नी पुन्हा आपल्या जुन्या ढाब्यावर आले. मला त्या दोघांविषयी आदर आहे आणि मदतीला धावलेल्या दिल्लीकरांविषयीही. पण कणव माणसाला एकदा आणते. दर आठवड्याला येणारं गिऱ्हाईक चवीसाठी, जवळ आहे म्हणून, उधारी-ओळखीमुळे येतं. भाडं आणि पगार त्याच्या जिवावर भरावे लागतात. एक लाख लोकांनी पाहिलं आणि त्यातले एक लाख दुसऱ्या राज्यात असले, तर इचलकरंजीच्या शिंप्याला त्याचा उपयोग काय? त्याला स्वतःच्या गावातले तीनशे जण पुरतात.

दुसरा धोका जागेचा. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी वर्ष-दोन वर्षं खपून जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. जुलैत इन्स्टाग्रामने रील आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स, पण नव्या ठिकाणी मोजणी पुन्हा एकपासून. त्याच वर्षी नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे पाककृतींचं चॅनेल कुणीतरी हॅक केलं. साध्या बोलीत पदार्थ सांगणाऱ्या या आजी महाराष्ट्रभर पोचल्या होत्या. चॅनेल काही दिवसांनी परत मिळालं. ते मिळालं नसतं तर दाद कुठे मागायची?

ही जागा भाड्याची आहे आणि मालक कधी भाडेकरार बदलेल याचा नेम नाही. आपले जुने दुकानदार शहाणे होते. दुकान भाड्याचं असलं तरी गिऱ्हाइकांची वही त्यांची स्वतःची असायची आणि दुकान बदललं तर वही बरोबर जायची. व्हिडिओ पाहून फोन करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, नंबर, काय घेतलं, ते लिहून ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून आहे, तिथे मालाची यादी ठेवता येते. पण तेही भाड्याचंच, म्हणून कागदाची वही सोडू नका. मूळ व्हिडिओ फोनबाहेर दुसरीकडे उतरवून ठेवा. पासवर्ड भाच्याच्या डोक्यात राहू देऊ नका.

आणि आपल्या बोलीत बोला, हे मला कळकळीने सांगायचं आहे. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत राहत असताना पाककृतींचं चॅनेल सुरू केलं. पुढे घरच्यासारख्या मराठीत त्या सांगू लागल्या आणि परदेशातली, शहरांतली मराठी घरं ते पाहून स्वयंपाक शिकली. पुढे त्यांच्या नावाचे मसाले बाजारात आले. आधी बरीच वर्षं शिकवणं, मग विकणं, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मालवणी माणसाने मालवणीत, वऱ्हाडच्या माणसाने वऱ्हाडीत सांगितलं तर गिऱ्हाइकाला माल कुठला ते वेगळं सांगावं लागत नाही. हिंदी-इंग्रजीची झूल पांघरून आपला कारागीर परका दिसू लागतो.

जिल्हा उद्योग केंद्रांनी, बचत गटांच्या प्रशिक्षणांनी याकडे लक्ष द्यावं. कर्जाचा अर्ज कसा भरावा ते आपण शिकवतो. फोन कुठे टेकवावा, उजेड कुठून घ्यावा, कामाचा कुठला क्षण दाखवावा, हे शिकवायला एक दुपार पुरते. महागडे कॅमेरे वाटण्याची गरज नाही.

फाळक्यांनी पुढे १९१७ च्या सुमारास आणखी एक चित्रफीत काढली, 'चित्रपट कसे तयार करतात'. नाशिकच्या आपल्या कारखान्यातच त्यांनी कॅमेरा फिरवला. तिचे वाचलेले तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. त्यांत फाळके स्वतः काम करताना दिसतात, फिल्मची पट्टी हातात धरून, उजेडासमोर नेऊन ती तपासताना.