विस्मरणाला दप्तरी दाखल करू नका

घरातील वृद्ध माणूस एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागला, नित्याच्या हिशेबात अडखळू लागला, की ‘वयाचा परिणाम’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल करण्याची आपली जी रीत आहे, ती मला अन्यायाची वाटते. आजन्म शाकाहारी असलेल्या, दूधदुभतेही बेताचेच घेणाऱ्या आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असलेल्या व्यक्तीच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्वाची तूट पडणे मुळीच दुर्मीळ नाही. आणि ही तूट, तशीच थायरॉईडची मंदावलेली क्रिया, रक्ततपासणीने उघडकीस येते व वेळीच उपचार झाल्यास स्मृती सावरूही शकते.

तपासणीइतकेच राहणीकडेही लक्ष हवे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षे वयाच्या १२६० स्त्रीपुरुषांवर दोन वर्षे झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सकस आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव व रक्तदाबादींवरील देखरेख या चारही गोष्टी एकत्र लाभलेल्यांची बौद्धिक क्षमता, केवळ सामान्य सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारली. लाभ माफक होता, आणि अल्झायमर बरा करणारे अन्न अस्तित्वात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि स्मृतिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर निवृत्तिवेतन खर्ची घालण्यापेक्षा भाकरी, पालेभाजी, उसळ, चालत असल्यास मासळी, सायंकाळचा फेरफटका, चार माणसांतील ऊठबस आणि गरजेप्रमाणे श्रवणयंत्र, हा मार्ग निःसंशय श्रेयस्कर होय.

सरकारने प्रत्येक तालुक्यात वृद्धांसाठी बी-१२ व थायरॉईडच्या रक्ततपासण्या विनामूल्य कराव्यात. आणि वाचकहो, आपल्या वडीलधाऱ्यांना विनाविलंब डॉक्टरांकडे न्या.