परवलीचा शब्द कोणाचा?

घरच्या संगणकाचा पासवर्ड विसरला, की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारा’ असा. म्हणजे कुलपाची किल्ली हरवली म्हणून घर पाडा! त्यात लेकीच्या नोट्स, भावाचे अर्ज, लग्नाचे फोटो, सारेच जाते. बहुतेक वेळा याची मुळीच गरज नसते. पण मित्रहो, माझे म्हणणे निराळे आहे. शब्द विसरला हे दुखणे लहान. तो परत मिळवण्याची वाट कोणाच्या अंगणातून जाते, हे मोठे.

परवलीचा शब्द संगणकावर आला तोच मुळी सामाईक वापरामुळे. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत एकाच यंत्रावर अनेकजण काम करीत. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कॉर्बातो यांनी ही युक्ती योजली. आमच्यासारख्या घरांची, जिथे कॉलेजात जाणारी मीच पहिली, स्थिती आजही तीच आहे. संगणक एक, तोही जुना घेतलेला, आणि माणसे पाच. जिंतूर असो वा गंगाखेड, खाते उघडून देतो तो दुकानदार, नाहीतर शहरात राहणारा चुलतभाऊ. मोबाइल नंबर त्याचा, ईमेलही त्याचाच. पुढे मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा झाला, तर कोड त्याच्याकडे जातो. अशा खात्याला आपले का म्हणावे?

यंत्रापुरतेच खाते असेल तर गंमत आणखी. २०१८ पासून विंडोज १० मध्ये, आणि आता ११ मध्येही, आधी देऊन ठेवलेली तीन प्रश्नांची उत्तरे पुन्हा दिली की नवा पासवर्ड घालता येतो. प्रश्न कोणते? लहानपणी लाडाने काय म्हणत? पहिली शाळा कोणती? जन्म कोणत्या शहरात? आईवडिलांची भेट कोणत्या शहरात झाली? आमच्याकडे ती बहुधा अंतरपाटाच्या दोन बाजूंना झालेली असते! सर्वांत मोठ्या भावंडाचे नाव विचारतात. चुलत, मावस, आते की मामे, ते मात्र सांगत नाहीत. ही गुपिते अमेरिकेत गुपिते असतील. गावात ती पारावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असतात. आणि ज्या भावापासून मला माझ्या कविता राखायच्या, त्याला तर सगळीच! खुद्द अमेरिकेच्या एन.आय.एस.टी. या मानक संस्थेने २०१७ सालीच असल्या प्रश्नांवर विसंबू नये, असे सांगितले आहे.

म्हणून उत्तरे खरी देऊच नयेत. जन्मगाव विचारले तर ‘भेंडीची भाजी’ लिहावे, आणि ते कागदावर उतरवून कुलपाच्या पेटीत ठेवावे. डिस्क सांकेतिक रूपात बंद केलेली नसेल, तर यंत्र हाती आलेला जाणकार पासवर्ड ओलांडून आत शिरतो, हेही ध्यानात असावे.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत संगणक-कक्षात एक तास असा ठेवावा, की ज्यात प्रत्येकाने आपले खाते आपल्या हाताने उघडावे, आपल्या नंबरावर. आमच्या वर्गातील कित्येक मुलींचा नंबर वडिलांच्या खिशात असतो. त्यांना छापून घेता येणारा पुनर्प्राप्तीचा कोड कसा काढायचा, तेही त्याच तासाला दाखवावे.