दूध उतू जाताना

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. तुम्ही म्हणता, "टीव्ही बंद कर, जेवायला ये." आणि घर डोक्यावर घेतलं जातं. रिमोट भिंतीवर आपटतो. ताट सरकतं. धाकटी रडायला लागते. आतून सासूबाई म्हणतात, "दोन धपाटे घाला, येईल वळणावर."

पंधरा मिनिटांनी तोच मुलगा कुशीत शिरून विचारतो, "आई, चिडलीस माझ्यावर?"

मुलाला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा तशी शंकेची पाल तुमच्या मनात चुकचुकत असेल, तर थोडं बसून हे वाचा. मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं या मुलांशी चुकीचं वागले.

चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. पेन्सिल मोडली तरी बाक वाजवायचा. खेळात बाद झाला की बॅट फेकायचा. मी त्याला उद्धट ठरवलं आणि तासन् तास वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर तो नखाने भिंतीचे पोपडे काढत राही. वर्षअखेरीस तिथली हातभर भिंत उघडी पडली होती. त्याच्या रागात मात्र तसूभर फरक नव्हता.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, मनात आलं की हातून घडून जातं. शंभरात साधारण पाच मुलांना हे असतं. डॉक्टर ज्या यादीवरून निदान करतात, तिच्यात राग हे मुख्य लक्षण म्हणून नाही. पण आईला विचारा, ती आधी रागाबद्दलच बोलेल. अशा मुलांपैकी पाव ते जवळपास निम्म्या मुलांना राग, रडू, हट्ट आवरणं खरंच जड जातं. आनंदसुद्धा. सहलीच्या आदल्या रात्री ही मुलं झोपत नाहीत, आणि सकाळी बसमध्ये पहिलं भांडण त्यांचंच होतं.

असं का होतं? २००७ साली अमेरिकेत मुलांच्या मेंदूच्या वाढीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या वरच्या थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साडेसात वर्षांच्या सुमाराला गाठतात, तो एडीएचडी असलेली मुलं साडेदहाच्या सुमाराला गाठतात, असं त्यात दिसलं. सगळ्यात जास्त उशीर होता तो स्वतःला थांबवायला मदत करणाऱ्या पुढच्या भागात. वाढीची वाट तीच, चाल सावकाश.

म्हणून दहा वर्षांचा मुलगा चिडला की सात वर्षांच्या मुलासारखा वागला, तर नवल मानू नका. "एवढा घोडा झालास" हे वाक्य तेवढं आजपासून बंद करा.

उतू जाणाऱ्या दुधाला आपण रागावत नाही. आधी गॅस बारीक करतो. ओटा मागून पुसतो. राग उसळलेला असताना हाच क्रम ठेवा.

पहिलं म्हणजे तुमचा आवाज. तो खाली आणा. तुम्ही वर चढलात की तो आणखी वर चढणार. हे लिहायला सोपं, करायला महाकठीण, हे मला माहीत आहे. अगदीच जमत नसेल तर "मी पाणी पिऊन येते" म्हणून दोन मिनिटं स्वयंपाकघरात जा. त्याला पळून जाणं म्हणत नाहीत.

मग शब्द कमी करा. "असं का केलंस?" हा प्रश्न त्या वेळी विचारूच नका. त्याच्याकडे उत्तर नसतं. "खूप राग आलाय तुला. मी इथेच आहे." एवढं पुरे. काही मुलांना जवळ घेतलेलं चालतं, काहींना त्या वेळी हात लावलेला खपत नाही. तुमचं मूल कुठलं, ते तुम्हालाच ठाऊक.

धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत पाठवा. हाताशी कात्री, काचेचा ग्लास असेल तर गाजावाजा न करता उचला. मारायला धावला तर हात धरा आणि एकदाच सांगा, "मारायचं नाही." व्याख्यान नको.

ओटा पुसायचा तो शांत झाल्यावर. अर्ध्या तासाने, हवं तर झोपताना. तेव्हा मात्र त्याला सोडू नका. सांडलेलं त्याने तुमच्याबरोबर पुसायचं. बहिणीचं चित्र फाडलं असेल तर चिकटवून द्यायचं. राग आला यात गुन्हा नाही, पण फाडलेलं चित्र फाडलेलंच असतं. समजून घेणं म्हणजे सगळं खपवून घेणं, असं काही पालक धरून चालतात. त्याने मुलाचंच नुकसान होतं. बाहेरची पोरं खपवून घेत नाहीत, खेळायला घेणं बंद करतात.

भडका उडूच नये म्हणून आधी करायच्या गोष्टी तर फार साध्या आहेत. टीव्ही एकदम बंद करू नका. दहा मिनिटं आधी सांगा, पाच मिनिटं आधी पुन्हा सांगा. "दप्तर आवर, कपडे बदल, डबा घासायला टाक" ही तीन कामं एका दमात सांगितलीत, तर पहिलंही होणार नाही. एक सांगा. झालं की दुसरं. शाळेतून आल्याआल्या "गृहपाठ काय दिलाय?" विचारू नका. आधी खायला द्या. भुकेल्या पोटी मोठ्यांचं डोकं फिरतं, त्याचं का नाही फिरणार? झोपेची वेळ सांभाळा. लग्नघरात तीन रात्री जागरण झालं की चौथ्या दिवशी तमाशा होणारच. त्याचं खापर पोरावर फोडू नका.

आणि चांगलं केलं की तिथल्या तिथे सांगा. "शहाणा माझा" असं मोघम नको. "चिडला होतास, पण बॅट फेकली नाहीस, मी पाहिलं" असं नेमकं सांगा. बक्षीस महिनाअखेरीचं या मुलांना पोचत नाही. त्यांना आजचं आज लागतं.

आता स्वभावाविषयी. एडीएचडी म्हणजे स्वभाव नव्हे. तो कुठल्याही स्वभावाच्या मुलाला होतो. एक हसरा, बडबड्या, सगळ्यांचा लाडका, पण धांदरट. दुसरा शीघ्रकोपी. तिसरी मुलगी गप्प, खिडकीबाहेर बघत बसलेली. तिला कोणी काही बोललं की दोन दिवस मनात धरून ठेवते. अशा मुली वर्गात त्रास देत नाहीत, म्हणून आमच्या नजरेतून निसटतात.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून मुलांच्या स्वभावाच्या नोंदी ठेवल्या, तान्हेपणापासून थेट मोठेपणापर्यंत. स्वभावाच्या छटा अगदी बाळपणीच दिसतात, असं त्यांना आढळलं. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मूल अडचणीत येतं ते नुसत्या स्वभावामुळे नाही. त्याचा स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांची सांगड बसत नाही, तेव्हा. मूल बदलणं आपल्या हातात थोडंच असतं. सांगड बरीचशी आपल्या हातात असते. ज्याला लग्नाची गर्दी सोसत नाही, त्याला अक्षता पडल्या की घरी आणा. नातेवाईक काय म्हणायचं ते म्हणू देत.

घरात आजी म्हणतील, "याचा बापही असाच होता." खरं असेल. एडीएचडी घराण्यात उतरतो. त्या पुढे म्हणतील, "मग त्याचं काही अडलं का?" तेव्हा बापालाच विचारा, लहानपणी किती मार खाल्ला आणि किती मित्र तुटले.

"साखर बंद करा, शांत होईल" असंही ऐकाल. साखर दिलेली आणि न दिलेली मुलं, कुणाला काय दिलंय ते न सांगता पारखून झाली. वागण्यात फरक आढळला नाही. दातांसाठी साखर जरूर कमी करा. आणि कोणी 'तारे ज़मीं पर'चा दाखला दिला, तर त्या सिनेमातल्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, होती. ते निराळं. दोन्ही एकाच मुलात असू शकतं, पण म्हणून एक नव्हे. ही मुलं असामान्य प्रतिभेचीच असतात, हेही मला पटत नाही. इतरांसारखीच असतात. काही हुशार, काही चारचौघांसारखी.

शाळेत भांडायला जाऊ नका, सांगायला जा. तेही वर्गापुढे नाही, शाळा सुटल्यावर. बाईंकडे दोनच गोष्टी मागा. पुढच्या बाकावर जागा, आणि राग चढतोय असं दिसलं की खडू आणायला किंवा पाणी प्यायला वर्गाबाहेर पडायची मुभा. बहुतेक बाई ऐकतात. कोणी मारत असेल तर मात्र गप्प बसू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे.

निदान घरच्या घरी करू नका. शेजारच्या काकूंकडून तर नकोच. बालरोगतज्ज्ञांकडे जा, कान-डोळे तपासून घ्या. मग मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे. यासाठी रक्ताची तपासणी नसते, मेंदूचा फोटोही लागत नाही. घरी आणि शाळेत दोन्हीकडे, किमान सहा महिने, आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासून हे दिसतंय का, ते विचारतील. शाळेच्या डायरीतले शेरे बरोबर न्या. जिल्हा रुग्णालयातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र याही कामासाठी आहे.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर सुरुवात आईवडिलांच्या शिकण्यापासून होते, गोळीपासून नाही. पुढे डॉक्टरांनी गोळी सांगितली तर दचकू नका. ती झोपवण्यासाठी नसते. भूक कमी होऊ शकते, झोप लांबू शकते. म्हणून वजन, उंची, रक्तदाब मोजत राहावं लागतं. मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका.

तुम्हीही माणूस आहात. कधीतरी हात उचलला जाईल, तोंडातून नको ते निघेल. मग मुलाजवळ जाऊन म्हणा, "माझं चुकलं, मी ओरडले." राग आल्यावर मागे कसं फिरायचं, ते तो तिथे बघतो.

आणि फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानसला फोन करा. क्रमांक १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फ्रिजवर चिकटवून ठेवा.