उदा मेहता आणि उदयन मंत्री

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळ फार लांब असते. नोकरीत असताना हे कधी जाणवले नाही. लोकल अंबरनाथला पोहोचेपर्यंत दिवे लागलेले असत आणि चौविहाराचा नियम माझ्यापुरता रविवारचाच होता. निवृत्तीनंतर मात्र निजेपर्यंत तीन तास हाती उरू लागले. गेल्या चातुर्मासात त्या तीन तासांसाठी मी कन्हैयालाल माणेकलाल मुनशी यांची पाटणची कादंबरीमाला काढली. मी मोठ्याने वाचावे आणि सौ.ने विणकाम करीत ऐकावे, असा क्रम ठरला.

गुजराती लिपी मला बँकेने शिकवली. अनेक खातेदारांच्या सह्या त्या लिपीत असत, आणि सही पटल्याखेरीज चेक वटवायचा नाही हा तर पहिला धडा. सह्यांवरून सुरू झालेले ते अक्षरज्ञान हळूहळू कादंबरीपर्यंत पोहोचले. ज्यांना गुजराती वाचता येत नाही त्यांच्यासाठी हिंदी अनुवाद आहेत.

मुनशी मूळचे भरूचचे, पण त्यांची कर्मभूमी मुंबई. उच्च न्यायालयात वकिली करीत असतानाच त्यांनी ‘पाटणनी प्रभुता’ लिहिली. ती १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामागून ‘गुजरातनो नाथ’ आणि ‘राजाधिराज’ आल्या. सोळंकी राजा कर्णदेवाच्या अखेरच्या दिवसांपासून सिद्धराज जयसिंहाच्या जुनागढविजयापर्यंतचा हा पट आहे. त्याच घराण्यातील आधीच्या पिढीची, भीमदेवाच्या काळातली कथा ‘जय सोमनाथ’मध्ये आहे, ती मात्र त्यांनी १९४० मध्ये, म्हणजे सर्वांत शेवटी लिहिली. माझे मत विचाराल तर तीही शेवटीच वाचावी. आजोबांची गोष्ट नातवंडांशी ओळख झाल्यावर अधिक गोड लागते.

या मालेची खरी गोडी लढायांत नाही, माणसांच्या गुंत्यात आहे. राणी मीनळदेवी आणि मंत्री मुंजाल मेहता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. ते दोघांनी आयुष्यभर दाबून ठेवले आहे, आणि त्या दाबलेल्या प्रेमावर पाटणचे राज्य चालते. मुंजालची बहीण हंसा राजकारणापायी पतीपासून दुरावलेली. दुसऱ्या भागात माळव्याकडून आलेला तेजस्वी कीर्तिदेव हा मुंजालचाच हरवलेला मुलगा निघतो. लाटचा काक भट आणि विदुषी मंजरी यांचा संसार तर तिरस्कारातूनच सुरू होतो. पुराणातल्या वीरांची स्वप्ने पाहणाऱ्या मंजरीला काकाचे मोल कळायला शेकडो पाने जातात, आणि ते कळते तेव्हा वाचकाचाही जीव भांड्यात पडतो. सौ.च्या हातातली सुई अशा वेळी बराच वेळ थांबलेली असे.

खंभातच्या प्रकरणात मात्र तिने मला थांबवले. तिथे उदा मेहता मंजरीच्या मागे लागतो आणि काक तिला त्याच्या तावडीतून सोडवतो. “उदा मेहता म्हणजे आपला उदयन मंत्रीच ना?” तिने विचारले. “हो,” मी म्हणालो. “मग हे काय लिहिले आहे?” त्या रात्री पुढचे वाचन झाले नाही.

तिचा आक्षेप नवा नव्हता. मुनशींनी रंगवलेल्या जैन पात्रांविषयी आपल्या समाजातून पूर्वीही नाराजी व्यक्त झाली होती. मी कादंबरीकाराची बाजू मांडू लागलो, पण माझ्याच कानांना ती लंगडी वाटली. बँकेत प्रत्येक नोंदीला आम्ही व्हाउचर मागत असू. उदयनाच्या खात्यावर एवढी मोठी नावेची रक्कम पडली आहे, तर तिला व्हाउचर कोणते?

म्हणून मेरुतुंगाचार्यांचा ‘प्रबंधचिंतामणी’ काढला. हा ग्रंथ वि. सं. १३६१ चा, म्हणजे घटनांनंतर दीडएकशे वर्षांनी लिहिलेला. तोही काही रोजच्या रोज लिहिलेला रोजमेळ नव्हे. पण त्यातला उदयन निराळा आहे. तो मारवाडातून तुपाच्या व्यापारातून आलेला, कर्णावतीत अनोळखी, एका छिंपी समाजाच्या श्राविकेने आसरा दिलेला. पुढे तो मंत्री होतो. बाल चांगदेवाला, म्हणजे पुढच्या हेमचंद्राचार्यांना, तो आपल्या घरी ठेवतो आणि मुलाच्या वडिलांचे मन वळवतो. म्हातारपणी सौराष्ट्राच्या लढाईत जखमी होऊन मरताना शत्रुंजयाचा जीर्णोद्धार करायचा राहून गेल्याची खंत त्याला छळते. तो जीर्णोद्धार पुढे त्याचा मुलगा बाहड करतो. दुसरा मुलगा आंबड भरूचचा शकुनिकाविहार पुन्हा बांधतो. वाचता वाचता मनात आले की ही तर मुनशींनी न लिहिलेली चौथी कादंबरी आहे, आणि तिचा नायक एक व्यापारी कुटुंब आहे.

आंबडची कथा तर थेट आपल्या कोकणात येते. कुमारपाळाच्या दरबारात एका भाटाने कोकणच्या मल्लिकार्जुन राजाला ‘राजपितामह’ म्हटले, ते कुमारपाळाला खुपले. त्याने आंबडला सैन्य देऊन धाडले. आंबड पहिल्यांदा सपशेल हरला, आणि परतताना काळी वस्त्रे, काळे छत्र, काळा तंबू अशा वेषात पाटणबाहेर उतरला. राजाने त्याला पुन्हा पाठवले आणि या वेळी मल्लिकार्जुन मारला गेला. हा मल्लिकार्जुन उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या वंशातला. वालधुनीच्या काठचे आपले शिवमंदिर त्याच वंशातल्या माम्वाणीच्या काळचे आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. आणि मीनळदेवी कोण? गोव्याच्या कदंब राजा जयकेशीची कन्या. पाटणची कथा परमुलखातली म्हणून वाचायला घेतली होती. तिचे एक टोक गोव्यात निघाले, दुसरे आमच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

हे सर्व सौ.ला वाचून दाखवले. काळ्या तंबूची गोष्ट तिने दोनदा ऐकली. मग म्हणाली, “मुनशींनी हे वाचले नसेल का?”

वाचले असणारच. गुजरातच्या इतिहासाचा त्यांचा अभ्यास मोठा होता. पण काकाला नायक करायचे तर त्याच्यासमोर कोणी तुल्यबळ धूर्त माणूस हवा, आणि त्या काळात उदयनाइतका हुशार दुसरा कुठे मिळणार? मला हा अन्याय वाटतो, आणि कादंबरी तरीही आवडते. या दोन्ही गोष्टी मी तिच्यासमोर कबूल केल्या. एकीला दुसरीतून वजा करणे मला जमलेले नाही.

चार दिवसांनी तिनेच पुस्तक माझ्यासमोर आणून ठेवले. मंजरीचे पुढे काय होते ते तिला हवे होते. ‘राजाधिराज’च्या अखेरीस भृगुकच्छाचा किल्ला लढवताना मंजरी प्राण सोडते, हे मला ठाऊक होते, मी सांगितले नाही. ते प्रकरण पर्युषणानंतर वाचू, एवढेच म्हणालो.